जग संपले, भेद मात्र उरला

मागील महिन्यात एका कुटुंबात जाण्याचा योग आला. कुटुंब नुकतेच दीक्षित झालेले. घरातील मुले मोबाईलवर जगबुडीचा एक इंग्रजी चित्रपट हिंदी आवाजात पाहात बसली होती. आकाशातून आग पडत होती, इमारती कोसळत होत्या, माणसे सैरावैरा पळत होती. म्हाताऱ्या आजीबाई थोडा वेळ पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, "असंच एकदा होऊन जावं. समदं गेलं म्हंजे मग मोठा कोण अन् खालचा कोण? जो उरंल तो माणूस." ओट्यापाशी उभी असलेली सून हसून म्हणाली, "आत्याबाई, उरतील ती माणसं ह्याच जगातली ना? आपलं डोकं संगं घेऊनच उरतील की!"

सासू-सुनेचे हे बोलणे वरवर साधे आहे. परंतु त्यात नीतीचा एक जुना आणि कठीण प्रश्न दडलेला आहे. विषमता राहते कोठे? गावाच्या रचनेत, कायद्यात, जमीनजुमल्यात की माणसाच्या मनात? बाहेरचे सर्व काही एका रात्रीत नष्ट झाले, तर माणूस माणसाशी माणसासारखा वागू लागेल काय?

हा प्रश्न अमेरिकेतील विज्ञानकथांनी आणि चित्रपटांनी गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा विचारला आहे. तेथे भेदाचे नाव जात नव्हते, कातडीचा रंग हे होते. आपली मुले असले चित्रपट आवडीने पाहतात. आपण मात्र "करमणूक आहे, पाहू द्या" म्हणून सोडून देतो. करमणूक असली म्हणून काय झाले? ज्या गोष्टी मुले हसत, घाबरत, टाळ्या वाजवत पाहतात, त्याच त्यांच्या मनात खोल रुजतात. म्हणून या प्रश्नाचा विचार आपण येथे थोडा निवांतपणे करू.

धूमकेतू

१९२० साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 'द कॉमेट' म्हणजे 'धूमकेतू' नावाची कथा प्रसिद्ध केली. ड्यू बॉइस हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत. आपल्या वाचकांना त्यांचे नाव अगदीच परके वाटू नये. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपल्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला, तेव्हा बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागवली होती आणि ड्यू बॉइस यांनी त्यांना सहानुभूतीचे उत्तरही पाठविले होते. कथा घडते ती न्यूयॉर्क शहरात. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेब ज्या शहरात राहिले, तेच हे शहर.

१९१० साली हॅलेचा धूमकेतू पृथ्वीजवळून गेला होता. त्याच्या शेपटीत विषारी वायू आहे आणि त्याने सारे मरणार, अशी धास्ती तेव्हा लोकांनी घेतली होती. त्या धास्तीची आठवण लोकांच्या मनात ताजी असताना ही कथा आली.

जिम हा एका मोठ्या पेढीतील कृष्णवर्णीय शिपाई. पेढीच्या अगदी खालच्या तळघरात कोणाला तरी पाठवायचे असते. जागा धोक्याची, म्हणून जिमला पाठवतात. त्याच्या जीवाची किंमत ती काय! पण तेच तळघर त्याला वाचवते. तो वर येतो तेव्हा विषारी वायूने सारे शहर मरून पडलेले असते. भूक लागते म्हणून तो एका श्रीमंती उपाहारगृहात शिरतो. काल याच ठिकाणी त्याला कोणी वाढले नसते. आज वाढायला कोणी नाही आणि अडवायलाही कोणी नाही.

पुढे त्याला एक धनाढ्य गोरी तरुणी जिवंत सापडते. दोघे मिळून आपापल्या माणसांचा शोध घेतात. मध्येच त्या तरुणीला एकाएकी जाणीव होते की, आपण एका परक्या रंगाच्या पुरुषाबरोबर एकट्या आहोत. ती भीतीने पळत सुटते. त्याने तिला बोटही लावलेले नसते. मग ती परत येते. हळूहळू तिच्या डोळ्यांवरचा पडदा सरकतो. एका उंच इमारतीच्या गच्चीवर रात्रीच्या वेळी ही दोन माणसे एकमेकांना प्रथमच निव्वळ माणूस म्हणून पाहतात.

इतक्यात मोटारीचा भोंगा वाजतो. तरुणीचा बाप आणि तिचा नियोजित वर येऊन पोचतात. जग मेलेले नसते, केवळ न्यूयॉर्क मेलेले असते. मागून गर्दी येते. गोऱ्या मुलीजवळ काळा पुरुष पाहताच गर्दीतून त्याला फासावर लटकवण्याची भाषा सुरू होते. याने मला वाचवले, असे ती सांगते म्हणून तो बचावतो. बाप त्याच्या हातावर पैसे ठेवतो. आणि ती मुलगी? ती पुन्हा त्याच्याकडे वळूनही पाहात नाही.

वाचकहो, येथे थांबून विचार केला पाहिजे. गच्चीवरची ती समता खोटी होती काय? खोटी नव्हती. त्या दोघांना जे दिसले ते खरेच होते. परंतु ती नाइलाजाची समता होती. दुसरे कोणीच उरले नाही म्हणून ती आली आणि गर्दी परतताच गेली. आडरानात मोटार बंद पडली की सगळे प्रवासी एकाच घागरीचे पाणी पितात. मोटार गावात शिरली की ज्याचा त्याचा पेला वेगळा होतो. समतेची कसोटी आडरानात लागत नाही, ती गावात लागते.

मनातील कुंपण

एकोणचाळीस वर्षांनी, १९५९ साली, हाच प्रश्न पडद्यावर आला. चित्रपटाचे नाव 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल'. त्यात प्रमुख भूमिका हॅरी बेलाफोंटे यांची होती. बेलाफोंटे हे प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक आणि नट, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लढ्यातील सहकारी. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

या कथेत राल्फ हा कृष्णवर्णीय इसम खाणीत अडकतो. तो बाहेर येतो तेव्हा किरणोत्सारी विषाने माणसे नाहीशी झालेली असतात. येथेही तेच न्यूयॉर्क आहे. रस्ते, दुकाने, पूल, सारे जागच्या जागी उभे आहे. माणूस मात्र कोठेच नाही. पुढे त्याला एक गोरी तरुणी भेटते. तिचे नाव सेरा.

आता लक्ष द्या. शहरात दोनच माणसे आहेत. पोलीस नाही, न्यायाधीश नाही, शेजारीपाजारी नाही. तरीही राल्फ वेगळ्या इमारतीत राहतो. एकाच इमारतीत राहू या, असे ती सुचवते, तर तो हसण्यावारी नेत म्हणतो की, लोक काय म्हणतील! लोक तर उरलेलेच नाहीत. तिच्या वाढदिवसाला तो एक उपाहारगृह सजवतो, तिला मानाने खुर्चीवर बसवतो, स्वतः मात्र तेथील नोकर बनून वाढत राहतो. शेजारी बसायला तयार होत नाही.

सेराचेही तसेच. ती चांगल्या मनाची आहे. पण बोलण्याच्या ओघात, मी गोरी आहे, सज्ञान आहे, मनाला येईल ते करीन, अशा अर्थाची एक रूढ म्हण ती सहज बोलून जाते. आपण काय बोललो हे तिला कळतसुद्धा नाही. पुढे ती त्याला आपले केस कापायला सांगते, तेव्हा त्याच्या मनात साठलेले सारे बाहेर पडते आणि तिचे तेच शब्द तो तिला ऐकवतो.

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे की, जात म्हणजे विटांची भिंत किंवा काटेरी तारेचे कुंपण नव्हे. ती एक कल्पना आहे, मनाची एक अवस्था आहे. त्यांच्या या विचाराचे जणू चित्रच या चित्रपटात काढलेले दिसते. भिंती ओलांडायला कोणाचीही आडकाठी नाही, आणि तरीही दोन माणसे एका मेजावर बसू शकत नाहीत.

पण राल्फ दूर बसतो तो केवळ न्यूनगंडाने, असे समजणे त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्या मनात एक रास्त प्रश्न आहे. हे शहर माणसांनी भरलेले असते तर तू माझ्याजवळ बसली असतीस काय? दुसरा कोणी नाही म्हणून मिळालेला मान हा मान नव्हे, हे त्याचा स्वाभिमान त्याला सांगत असतो. आणि जन्मभर मागे उभे राहण्याची लागलेली सवयही त्याला मागे खेचत असते. स्वाभिमान आणि जुनी सवय यांचा गुंता एकाच माणसाच्या मनात कसा होतो, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

शेवटी एक गोरा पुरुष येतो. त्याच्या मते सेरा कोणाची, हे दोन पुरुषांनी लढून ठरवायचे आहे. ओसाड शहरात बंदुका घेऊन दोघे एकमेकांचा पाठलाग करू लागतात. जगात तीन माणसे उरली आहेत आणि त्यातल्या दोघांत युद्ध! संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीजवळ युद्ध सोडून देण्याविषयी कोरलेला मजकूर वाचून राल्फ बंदूक फेकून देतो. मग सेरा दोघांचेही हात धरते आणि तिघे चालू लागतात.

हा शेवट थोडा गुळमुळीत वाटतो. चुंबन तर राहोच, राल्फ आणि सेरा यांच्या प्रेमाचा स्पष्ट निर्णयही चित्रपट देत नाही. त्याला कारण होते. गोरे आणि काळे यांचे शरीरसंबंध पडद्यावर दाखवण्यास हॉलीवुडच्या नियमावलीने घातलेली बंदी १९५६ साली उठली होती. पण देशातील अनेक राज्यांत असा विवाह अजूनही गुन्हाच होता. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे रद्द केले, तेव्हा सोळा राज्यांत ते शिल्लक होते. म्हणजे पडद्यावर जग संपले तरी पडद्याबाहेरचा कायदा जिवंत होता आणि तो पडद्यावरच्या माणसांना हात धरण्यापलीकडे जाऊ देत नव्हता.

वाचवणाऱ्यांची बंदूक

१९६८ साली जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला. हा विज्ञानकथा आणि भयकथा यांच्या सीमेवरचा चित्रपट. शुक्रावरून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्सारामुळे मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागली असावीत, असा तर्क त्यात केला जातो. एका शेतघरात काही माणसे अडकतात. त्यांना धीर देणारा, दारे-खिडक्यांना फळ्या ठोकणारा, डोके शांत ठेवणारा बेन हा कृष्णवर्णीय आहे. ड्वेन जोन्स या नटाने ती भूमिका केली. भूमिका काळ्या नटासाठी म्हणून लिहिलेली नव्हती. म्हणूनच चित्रपटात त्याच्या रंगाविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही.

रात्रभर लढून एकटा बेन जिवंत राहतो. सकाळ होते. बंदूकधारी गोऱ्यांची टोळी मदतीला येते. खिडकीत हालचाल दिसताच ते त्याच्या कपाळात गोळी घालतात. आकडे लावून त्याचे प्रेत ओढतात आणि आगीत टाकतात. शेवटची ही दृश्ये वर्तमानपत्रातील जुन्या छायाचित्रांसारखी स्थिर दाखवली आहेत. झुंडीने मारलेल्या काळ्या माणसांची छायाचित्रे अमेरिकेने अशीच पाहिली होती. त्याच वर्षी ४ एप्रिलला डॉ. किंग यांची हत्या झाली होती आणि ऑक्टोबरात हा चित्रपट लागला. प्रेक्षकांना वेगळे काही समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

बेनला राक्षसांनी मारले नाही. त्याला सुटका करायला आलेल्यांनी मारले. धूमकेतूच्या कथेत गर्दी परत येते तेव्हा जिम थोडक्यात वाचतो, येथे तो वाचत नाही. व्यवस्था परत आली म्हणून सर्वांनाच आनंद होतो असे नाही. ती व्यवस्था कोणाची होती, यावर ते अवलंबून असते.

भीती कोणाची, दुःख कोणाचे

चालत्या प्रेताची ही कल्पना आली कोठून, हेही जाणून घेण्यासारखे आहे. 'झोंबी' हा शब्द आज आपल्या लहान मुलांच्या तोंडी आहे. ही कल्पना वाढली हैतीत. हैती ही फ्रेंचांची वसाहत. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून तेथे उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत काम करून घेतले जाई. मरणानंतर तरी सुटका होईल, हीच त्यांची एक आशा. म्हणून त्यांची सर्वांत मोठी भीती अशी की, मेल्यावरही कोणी उठवून पुन्हा राबायला लावले तर? झोंबी म्हणजे मरणानेही न सुटलेला गुलाम. याच गुलामांनी पुढे बंड करून १८०४ साली हैती स्वतंत्र केले.

१९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेच्या फौजा हैतीवर ठाण मांडून होत्या. रस्ते बांधण्यासाठी हैतीच्या शेतकऱ्यांना त्यांनी वेठीला धरले. वेठ म्हणजे काय, हे आमच्या वाडवडिलांना कोणी शिकवायला नको. हा ताबा चालू असतानाच, १९३२ साली, अमेरिकेत 'व्हाइट झोंबी' हा चित्रपट निघाला. झोंबीवरचा हा पहिला लांबीचा बोलपट मानतात. त्यात साखरेच्या गिरणीत झोंबी राबताना दाखवले आहेत. त्यांतला एक घाण्यात पडतो आणि घाणा तसाच फिरत राहतो. कोणी थांबत नाही. दृश्य भयंकर आहे आणि खरेही आहे. परंतु चित्रपट त्या मजुरासाठी थांबतो काय? नाही. त्याला काळजी आहे ती झोंबी बनवल्या गेलेल्या एका गोऱ्या नववधूची. तिची सुटका झाली की कथा संपते. गिरणीतल्या मजुरांना कोणी नावही देत नाही.

पाहा, गुलामाचे दुःख मालकाने कसे उचलून नेले! ज्याला सर्वांत जास्त भ्यावे असे वाटत होते, त्यालाच भीतीदायक भूत करून टाकले. भीती गुलामाची होती, ती पडद्यावर मालकाची झाली. आपल्या मुलांना झोंबीचे चित्रपट अवश्य पाहू द्यावेत, पण हा इतिहास सांगून.

जी पडद्यावर नाहीच

आता स्त्रियांकडे वळू. १९२० च्या कथेतील तरुणी एका वाक्याने जिमचा जीव वाचवते, पण बापाबरोबर मुकाट्याने निघून जाते. अमेरिकेतील स्त्रियांना घटनेने मतदानाचा हक्क मिळाला तो त्याच वर्षी, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी बहुसंख्य तो १९६५ पर्यंत बजावू शकल्या नाहीत. १९५९ च्या चित्रपटात सेराला न विचारता दोन पुरुष तिच्यासाठी बंदुका उचलतात. १९६८ च्या चित्रपटातील बार्बरा धक्क्याने सुन्न होऊन बराचसा वेळ कोचावर बसून असते. हाच चित्रपट १९९० साली नव्याने काढला, तेव्हा मात्र बार्बराला खंबीर केले आणि ती जिवंत राहिली. बावीस वर्षांत तेवढा फरक पडला.

परंतु यापेक्षा मोठी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९५९ च्या चित्रपटात जगात तीन माणसे उरतात: काळा पुरुष, गोरी स्त्री, गोरा पुरुष. १९६८ च्या शेतघरातही तसेच. काळा पुरुष आहे, गोऱ्या स्त्रिया आहेत, गोरे पुरुष आहेत. काळी स्त्री कोठे आहे? ती उरलेलीच नाही. जिने रंगाचा आणि बाईपणाचा असा दुहेरी भार वाहिला, तिला जगाच्या अंतानंतरच्या जगातही जागा दिली गेली नाही.

ड्यू बॉइस यांनी मात्र तिला विसरले नाही. त्यांच्या कथेच्या अगदी शेवटी, गर्दी पांगत असताना, एक सावळी, थकलेली स्त्री येते. तिच्या हातात मेलेले मूल आहे. ती जिमची बायको. जिम वळतो आणि ती त्याच्या मिठीत कोसळते. गोऱ्या तरुणीबरोबरच्या त्या भारलेल्या रात्रीत वाचकही तिला विसरलेला असतो. लेखक तिला समोर उभी करून जणू विचारतो, समतेचे स्वप्न पाहताना तुम्ही हिला कोठे ठेवले होते? हा प्रश्न आपल्या घरालाही लागू आहे. सभेत समतेवर टाळ्या वाजवून घरी आल्यावर बाईने सर्वांच्या मागून जेवायचे असेल, तर त्या समतेतही ती उरलेली नाही.

लाट ओसरल्यावर

कोणी म्हणेल, या सर्व कल्पित गोष्टी झाल्या. प्रत्यक्ष संकटात माणूस भेद विसरतो. विसरला तर आम्हाला आनंदच आहे. परंतु २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळली, त्यानंतर काय झाले ते आठवावे. हजारो माणसे गेली. समुद्राने जात पाहिली नाही. आणि मागे उरलेल्यांनी ती पाहिली. नागपट्टिनम भागातील मदत-छावण्यांत दलित कुटुंबांना वेगळे ठेवले गेले, काहींना छावणीतून निघून जावे लागले, पाणी आणि मदत घेताना त्यांना अडवले गेले, असे मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. ज्यांनी अडवले तेही अनेक ठिकाणी गरीब मच्छीमारच होते. त्यांचीही घरे वाहून गेली होती, त्यांचीही मुले बुडाली होती.

यातून एक कटू सत्य निघते. दुःख माणसाला आपोआप शहाणे करीत नाही. संकट भिंती पाडू शकते. भिंती बांधण्याची सवय पाडणे त्याच्या हातचे नाही. त्या सुनेचे बोलणे किती नेमके होते! माणसे आपले डोके बरोबर घेऊनच उरतात.

मग करायचे काय?

येथे एका लबाड युक्तिवादापासून सावध राहिले पाहिजे. भेद मनात आहे ना, मग कायदे कशाला, आरक्षण कशाला, मने बदलू द्या, असे म्हणणारे आपल्याला पावलोपावली भेटतात. त्यांना उत्तर याच कथांत आहे. जिमच्या गळ्याभोवती दोर आवळायला निघालेली गर्दी मनःपरिवर्तनाची वाट पाहात थांबली नसती. तिला अडवायला कायदाच लागतो. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, तेव्हाच उपाहारगृहात रंग पाहून माणसाला बाहेर काढणे देशभर बेकायदेशीर ठरले. धूमकेतूची वाट पाहावी लागली नाही. कायदा गर्दीचा हात धरून ठेवतो, तेवढ्या अवकाशात मन बदलण्याचे काम माणसाने करायचे असते. दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. एक झाले म्हणून दुसरे टाळता येत नाही.

आणि हे दुसरे काम आपल्यालाही चुकलेले नाही. ज्यांनी आपल्यावर भेद लादला त्यांचा अपराध मोठा, यात शंका नाही. राल्फच्या मनातील कुंपण राल्फने घातलेले नव्हते. तरीही ते उपटण्याचे काम त्यालाच करावे लागले. आपण जुने जग मागे टाकून आलो आहोत. दीक्षा घेणे म्हणजे एका अर्थाने त्या जगाचा आपल्यापुरता अंत करणे होय. आता स्वतःला विचारू या. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असता, "तसे आपण सगळे बौद्धच, पण पोटजात कोणती?" हा प्रश्न हळू आवाजात निघतो की नाही? निघत असेल, तर जग संपले आणि भेद उरला, असेच म्हणावे लागेल.

जगबुडीचे चित्रपट मुलांपासून लपवून ठेवावेत, असे आमचे म्हणणे नाही. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटावर तर स्वामित्वहक्कही राहिलेला नाही. मुलगा-मुलगी समजत्या वयाची झाली की घरातील सर्वांनी तो एकत्र पाहण्यासारखा आहे. पाहून झाल्यावर चहा घेताना मुलांना तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटी कोण उरले? कोणाला उरूच दिले नाही? आणि जे उरले ते एकमेकांशी कसे वागले? एवढे विचारण्याची सवय लागलेले मूल पुढे शाळेत, वसतिगृहात, कचेरीत गेले तरी हेच तीन प्रश्न विचारील, आणि त्याला कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

आजीबाईंना त्या दिवशी सुनेचे म्हणणे पटले की नाही, कोण जाणे. त्या एवढेच म्हणाल्या, "मग जग राहू दे बाई जागच्या जागी. डोकंच बदलायचं तर त्याला आग कशाला पाडायची?" आम्हालाही यापेक्षा अधिक काही सांगायचे नाही.

जयभीम.